मी न पाहिलेला नाच

आमच्या गोंदियाकडे दिवाळी संपली की मग खरे सणाचे दिवस सुरू होतात. बाकीचा महाराष्ट्र आकाशकंदील उतरवून फराळाचे डबे घासायला घेतो, आणि आमच्याकडे भाऊबीजेपासून मंडई लागते. आज या गावची, उद्या त्या गावची, अशी महिनाभर. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे मला पुण्यामुंबईच्या माणसांना दर वेळी समजावून सांगावं लागतं. मंडई म्हणजे जत्रा. शेतात कापलेल्या धानाच्या कडपा ऊन खात पडलेल्या असतात, ज्यांची घाई झालेली असते त्यांचे पुंजणे, म्हणजे भाऱ्यांचे ढीग, रचून झालेले असतात. हातात पैसा आलेला नसतो, पण येणार हे नक्की असतं, आणि त्या न आलेल्या पैशाच्या जोरावर माणसं भारी उदार होतात. उसाच्या मोळ्या, तळ्यातले काळे शिंगाडे, कढईतली जिलेबी, बांगड्यांचे ढीग. सासरच्या पोरी माहेरी आलेल्या, लग्नाची पोरं नव्या शर्टाची घडी न मोडता उभी. आणि या सगळ्याच्या मधोमध, मोकळ्या मैदानात, दंडार.

दंडार हा आमच्या झाडीपट्टीचा नाच-गाण्याचा खेळ. ढोलकी, टाळ आणि पुरुषांचा घोळका. बायांची कामंही पुरुषच करतात. लुगडं नेसून, काजळ घालून, पायात चाळ बांधून जो नाचतो त्याला नाच्या म्हणतात. माझे बाबा नाच्या होते.

किती साधं वाक्य आहे हे. शाळेत असताना मात्र कुणी विचारलं तर मी ‘शेती करतात’ एवढंच सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. कामठ्याच्या पुढे आमचं गाव, गावात आमची धानाची बांधी, त्यात बाबा चिखलात उभे. हे चित्र मला सांगायला आवडायचं. कार्तिकातले बाबा मी या चित्रात येऊ देत नसे.

यंदाही मी गावी कार्तिकातच गेले. आता मी नागपूरला राहते, दुसऱ्यांनी टिपलेली लग्नं आणि जाहिराती एडिट करून पोट भरते, आणि मधूनमधून स्वतःचं काही करते. गोंदिया स्टेशनवर उतरून ऑटोत बसले, राइस मिलांच्या मागून उकडत्या धानाचा तो ओलसर, गोडूस वास आला आणि वासाबरोबर सिर्जना आठवली. दर वर्षी आठवते. दर वर्षी त्या मोसमाची आठवण मी गोळीसारखी तोंडात घोळवते. यंदाच्या मंडईनंतर मात्र तिची चव बदलली आहे, म्हणून हे लिहायला बसले.

सिर्जना नेपाळची. पूर्वेकडच्या इलाम जिल्ह्यातली. शेजारच्या देशांतल्या नवख्या फिल्मवाल्यांच्या जोड्या लावून त्यांच्याकडून एकेक छोटी फिल्म करून घेणारा एक उपक्रम होता. त्यात आमची जोडी कुणीतरी कागदावर लावली. ठरवून केलेल्या लग्नासारखंच होतं ते. आधी माहिती, मग फोटो, मग फोन, आणि प्रत्यक्ष भेट अगदी शेवटी. पहिल्या फोनवर काय बोलावं सुचेना, म्हणून मी विचारलं, “आपके यहां दिवाली होती है?”

“तिहार होता है,” ती म्हणाली. “वही अमावस, वही दिये. हमारे गांव में उन दिनों मर्द लोग औरत बनके नाचते हैं. मारुनी. मेरे काका भी नाचते हैं.”

 कसं कोण जाणे, माझ्या तोंडातून निघून गेलं, “मेरे बाबा भी.”

इतकी वर्षं गोंदियात, नागपुरात कुणाला सांगितलं नव्हतं ते मी एका न पाहिलेल्या मुलीला सांगितलं, आणि तेही दुसऱ्या देशात. लांबच्या माणसाला सांगितलेलं सांगितल्यात धरायचं नसतं, असं मला वाटत असावं. पण सिर्जनेने धरलं. फोनच्या पलीकडे ती जवळजवळ ओरडलीच, “दीदी, बन गयी अपनी फिल्म!”

फिल्म ठरली ती अशी. एकाच अमावस्येला, हिमालयाच्या पायथ्याशी एक म्हातारा आणि आमच्या धानाच्या मुलुखात दुसरा, दोघेही बायकी वेशात नाचलेले. तिने एक नियम सुचवला. आपल्या घरात आपण कॅमेरा धरायचा नाही. तिच्या गावात मी शूट करायचं आणि तिने माइक धरायचा, माझ्या गावात उलट. ज्या भागाचं शूटिंग जिने केलं, त्याचं एडिटिंग आणि सबटायटलही तिचंच. आपलं माणूस आपल्याला नीट दिसत नाही, परक्याला दिसतं, असं तिचं म्हणणं. मला हा नियम फारच कलात्मक वाटला. तो माझ्या किती सोयीचा होता, हे काही तेव्हा ध्यानात आलं नाही.

आधी तिच्याकडे गेले. हावड्याला गाडी बदलून न्यू जलपाईगुडी, तिथून सीमेवरचा पूल ओलांडून काकडभिट्टा, मग डोंगर. माझ्या सपाट मुलुखातल्या पोटाने प्रत्येक वळणावर तक्रार केली. वर पोहोचले तर चहाचे मळे, उंबऱ्याशी येऊन बसणारं धुकं, दारोदारी झेंडूच्या माळा. घराघरातून सेल रोटीचा, तांदळाच्या तळलेल्या कड्यांचा, तुपकट वास. कुणी माझं नाव-गाव विचारलं नाही, आधी हातात रोटी ठेवली.

काकांचा नाच दुपारी अंगणात होता. म्हातारा किडकिडीत, मोठमोठ्या कानांचा, हसला की एकच दात दिसणारा. मी कॅमेरा लावून बसले आणि त्यांची मुलगी आतून बाहेर आली. माझ्याच वयाची, शाळेत शिक्षिका. तिने बापाला समोर उभं केलं, त्यांच्या चोळीच्या नाड्या बांधल्या, कमरेचा पटका आवळला, “श्वास घ्या” असं काहीतरी म्हणाली, बहुतेक पोट आत घ्यायला सांगत असावी. मग स्वतःच्या कानातली फुलं काढून त्यांच्या कानात घातली, दोन पावलं मागे जाऊन नजर टाकली आणि समाधानाने मान हलवली. मादल, म्हणजे त्यांचा ढोल, वाजायला लागला. म्हाताऱ्याचे खांदे असे काही हलले की धुकंसुद्धा जरा मागे सरकलं असेल.

सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. मी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून होते, आणि माझे कान तापले होते. मी काकांचे पाय टिपले, मादलवाल्याची बोटं टिपली, झेंडू टिपले, पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर कॅमेरा नेला की माझा हात हलायचा. तो शॉट पुढे एडिटमध्ये मी टाकून दिला. अस्थिर आहे, असं कारण दिलं.

तिथली भाऊबीज, म्हणजे सातरंगी टिक्याचा तो सुंदर दिवस, उरकला आणि आम्ही दोघी गोंदियाकडे निघालो. वाटेत जिथे रेंज मिळाली तिथून मी आईला फोन केला. नव्या चादरी घाल. गोठ्याकडचं दार लावून ठेव. आणि तुझं बिड्यांचं सूप दिसणार नाही असं कुठेतरी ठेव. आई रिकाम्या वेळात बिड्या वळते. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, जर्दा, आणि लाल दोऱ्याचं रीळ.

“कायले लपवू?” आई म्हणाली. “चोरीचा माल आहे का तो?”

“अगं, पाहुणी परदेशातली आहे.”

“मंग तिले का बिडी मालूम नाई?”

माझं सगळं असं होतं. जगाला आपलं गाव दाखवायला निघाले होते, आणि गावाला आधी तोंड धुऊन, भांग पाडून बसायला सांगत होते. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण आईचे शब्द मला कुठले लागायला!

गावात उतरलो तेव्हा आमच्याच मंडईचा दिवस होता. थंडी पडली की आमच्या बाजारांतून गोठणगावच्या कॅम्पातले तिबेटी लोक स्वेटरांची दुकानं मांडतात, आणि आमच्या लोकांच्या लेखी गोरी, बारीक डोळ्यांची बाई म्हणजे स्वेटरवाली. सिर्जना ऑटोतून उतरली, पाठीवरची मोठी बॅग तिने खाली ठेवली, आणि शिंगाडे विकत बसलेली एक बाई लगेच उठून आली. बॅगेकडे बोट दाखवून तिने विचारलं, “पोराचं निघन का व यात? निळं पायजे.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईघाईने काहीतरी खेकसले. सिर्जनेला शब्द कळले नव्हते पण मामला कळला. तिने बॅग उघडली, स्वतःचा निळा स्वेटर काढला, आणि त्या बाईला हिंदीत म्हणाली, “मावशी, ये पहना हुआ है. शिंगाड़े के बदले दे दूंगी.” ती बाई इतकी हसली की तिने पदराने तोंड झाकलं. नंतर त्या दोघी उसाच्या मोळ्यांशेजारी बसून शिंगाडे सोलत होत्या आणि मी दोघींच्या वतीने एकटीच शरमत उभी होते. माझी शरम कुणालाच नको होती. आमच्या घरी पोहोचेपर्यंत माझ्या पाहुणीला अर्धं गाव ‘सुर्जाबाई’ म्हणायला लागलं होतं.

घरी आईने सूप लपवलं नव्हतंच. ओसरीवर मधोमध मांडलं होतं. दुसऱ्या दिवशी सिर्जना तिच्याशेजारी बसून पान कापायला शिकत होती आणि आई तिला म्हणत होती, “असं नाई बाई, शीर काढ आंधी.” दोघींची भाषा वेगळी, दोघी आपापल्या भाषेत बोलायच्या, आणि कामं बरोबर व्हायची.

कॅमेरा तिने बरेच दिवस बाहेरच काढला नाही. बाबांबरोबर बांधीवर जायची, भारे कसे बांधतात ते पाहायची, त्यांच्या गोंदियाच्या हिंदीत त्यांच्याशी गप्पा मारायची. मी चरफडत होते. मला कामाची घाई. मी असते तर पहिल्याच दिवशी बाबांना बांधावरून तीनतीनदा चालायला लावलं असतं. “शूट तर कर,” मी म्हणायची. ती म्हणायची, “पहले उनको मेरी आदत होने दो.” बाबांना तिची सवय झाली. इतकी की जेवताना ते तिला मंडयांचे किस्से सांगायला लागले. देवरीच्या बाजूला एका गावात कसं पाहुण्यांनी त्यांना खरीखुरी बाई समजून घरात बायांच्या पंगतीत बसवलं, आणि बाबा गुपचूप जेवूनच उठले. आईने यात भर घातली, “माह्यापक्षा यायलेच लुगडं चांगलं बसते.” सिर्जना हसून लोळायची. मी भात कालवत असायची. हे किस्से मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि ते ताटावरच संपावेत असं मला वाटत होतं.

बाबांना दंडारीत लोक मैना म्हणायचे. बाजारात अजूनही कुणी म्हातारा हाक मारतो, “का मैना, का म्हनते तब्येत?” आणि बाबा कमरेवर हात ठेवून मान वेळावतात, पिशवीत भाजी असली तरी. लहानपणीची एक मंडई मला आठवते. मी आईच्या कडेवरून नुकती उतरलेली, हातात उसाचं कांडं. मैदानात धुरळा. पावडर आणि घामाचा वास अंगावर आला, आणि चाळ वाजवत एक बाई माझ्याकडे हात पसरून वाकली. तिच्या गळ्याशी बाबांच्या गळ्यावरचा तीळ होता. मी जी किंचाळले ती आईच्या लुगड्यात शिरले. लोक हसले, आई हसली. त्या बाईने हात तसेच थोडा वेळ पुढे ठेवले, मग गिरकी घेऊन ती परत खेळात गेली. आमच्या घरात ही गंमत म्हणून सांगितली जाते.

मी कॉलेजला गोंदियात गेले त्या सुमारास बाबांनी दंडार सोडली. गुडघे दुखतात, म्हणाले. धानाच्या बांधीत मात्र दिवसभर वाकलेले असायचे.

तर तो दिवस. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन थेट मधल्या खोलीत पडलेलं. बाबा सिर्जनेला स्वतःहूनच म्हणाले होते की आज करू. त्यांचे ढोलकीवाले दोस्त येऊन, चहा पिऊन, ढोलकीला शाई लावून बसले होते. आईने पेटीतून जांभळं लुगडं काढलं, डांबरगोळ्यांचा वास खोलीभर झाला. सिर्जनेने कॅमेरा लावला. मी हेडफोन कानाला लावून, माइकची काठी हातात धरून कोपऱ्यात उभी. बाबांनी लुगडं खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे पाहिलं. 

“तू बाहेर जा,” ते म्हणाले.

“माइक कोण धरणार?”

“मांडून ठेव. नाईतर तुही माय धरन. तू तिकडे पुंजन्यापाशी जाऊन बस. झाल्यावर आवाज देतो.”

आवाज अगदी मऊ होता आणि मान खाली. मला भरून आलं. बापाला लेकीसमोर लाज वाटते आहे, किती नाजूक क्षण हा! मी काठी स्टँडला लावली, जवळ गेले, आणि मोठ्या मनाची माणसं बोलतात तसं बोलले, “बाबा, तुम्हाला अवघड वाटत असेल तर मी हे कधीच पाहणार नाही. फिल्ममध्येसुद्धा नाही.”

बाबांनी मान वर केली. काहीतरी म्हणणार होते. मग नुसतं म्हणाले, “बरं.”

खळ्यात पुंजण्याला पाठ लावून मी बसले. धानाचं कुसळ मानेत टोचत होतं. समोरच्या बांधीत बगळे उतरले होते. घरातून ढोलकी सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली. चाळ वाजले. आईचं हसू ऐकू आलं, मग सिर्जनेचं. शब्द कळत नव्हते. मला एकदम हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाला मी त्याग असं नाव दिलं. कार्तिकातलं ऊन इतकं चांगलं असतं की त्यात बसून माणूस स्वतःला काहीही पटवू शकतो.

फिल्म चालली. आमच्या मापाने खूपच चालली. काठमांडूत, कोलंबोत, ढाक्यात, मग इकडे दिल्ली-पुण्यात. दर ठिकाणी माझा एक कार्यक्रम ठरलेला. बाबांचा प्रसंग जवळ आला की मी अंधारात उठून बाहेर जायची, कॉरिडॉरमध्ये पाणी पीत उभी राहायची, आणि संपल्यावर मंचावर येऊन तेच सांगायची. माझे वडील लेकीसमोर लाजले, म्हणून त्यांनी मला बाहेर बसवलं. मी त्यांना शब्द दिला, म्हणून जगाने पाहिलेला माझ्या बापाचा नाच मी एकटीने पाहिलेला नाही. हे सांगताना कुठे थांबायचं तेही मला पाठ झालं होतं. सभागृहात एक विचित्र शांतता पसरायची. मी ती भावनेची समजायची. कोलंबोत एक पांढऱ्या केसांची बाई नंतर भेटायला आली, माझा हात हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि एक शब्द न बोलता गेली. फिल्म तिला खूपच लागली, असं मी त्या रात्री आईला फोनवर सांगितलं.

मंचावर सिर्जना माझ्याशेजारी उभी असायची. मी हे सांगत असताना ती खाली बुटांकडे पाहायची. ढाक्याहून परतताना विमानतळावर ती म्हणाली, “दीदी, वो सीन एक बार देख लो.”

“नहीं. बाबा को जबान दी है.”

“जबान उन्होंने मांगी थी?”

मला राग आला. मी म्हटलं, “हमारे यहां बाप-बेटी में ऐसा ही होता है. तुम नहीं समझोगी.” ज्या मुलीबरोबर ‘तुझं-माझं एकच’ हे सांगणारी फिल्म केली, तिच्या तोंडावर मी आमच्याकडचं-तुमच्याकडचं फेकलं.  तिने दोन चहा आणले. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं, पटलं तिला.

यंदा गावच्या मंडईच्या पोरांनी फिल्म मागितली. इतके दिवस ती जगभर दाखवली पण गावात नाही, हे त्यांनी मला दोनदा सुनावलं, आमच्याकडच्या सरळ भाषेत. “तुमची फिल्लम आमच्याच गावची, अना आमीच नाई पाह्यली, हे का झालं ताई?” समाजमंदिराच्या अंगणात संध्याकाळी पडदा लावला. दिवसभराच्या दंडारीचा धुरळा अजून हवेत होता. बाया पोती अंथरून बसल्या, शेंगा फुटायला लागल्या. बाबा धुतलेला सदरा घालून पहिल्या ओळीत. त्यांनी फिल्म पूर्वी माझ्या लॅपटॉपवर पाहिली होती, मी शेजारच्या खोलीत असताना. आई त्यांच्या मागे बायांत.

पोरांनी माइक दिला आणि मी सवयीने तेच बोलले. पुण्यातसुद्धा इंग्रजीत बोललेली मी, मराठीत पहिल्यांदाच बोलले. बाबा लाजले, मला बाहेर बसवलं, मी शब्द दिला. थांबायच्या जागी थांबले. शांतता झाली नाही. एका म्हातारीने शेजारणीला मोठ्याने विचारलं, “कोन लाजला? मैना?” आणि दोन-चार माणसं खोकल्यासारखं हसली. बाबांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं पाहून बाकीच्यांनी.

फिल्म सुरू झाली. इलामचे काका आले तेव्हा अंगणात एकच गलका झाला. “आपल्यावानीच करून राहिला न बापा!” बाबा मन लावून पाहत होते, एका ठिकाणी “वा” म्हणाले. मग पडद्यावर आमच्या बांधी आल्या, बगळे आले, आईचं सूप आलं, बायांनी आईला चिमटे काढले. मग आमच्या घराचं दार. मी उठले.

बाबांनी माझं मनगट धरलं. “कुठं चालली?”

“बाबा, आता तो नाच येईल. तुम्हीच म्हणाला होता ना, पाहू नको.”

“म्या बाहेर जा म्हनलो होतो,” बाबा म्हणाले. “पाहू नोको हे तूच म्हनली. बस.”

मागून कुणीतरी ओरडलं, “खाली बसा ना ताई!” मी बसले. बाबांनी मनगट सोडलं नाही.

पडद्यावर मधली खोली होती, तेच ऊन. बाबा खांद्यावर जांभळं लुगडं टाकून उभे. ते दाराकडे पाहत होते. मी नुकतीच तिथून बाहेर पडले असणार. मग ते कॅमेऱ्याकडे वळले, सिर्जनेकडे, आणि त्यांच्या त्या हिंदीत म्हणाले, “दरवाजा लगा दे बेटी. उसको शरम आती है मेरे नाच की. छोटी थी तब से आती है. उसका कसूर नहीं है. पढ़ी-लिखी है न.” सिर्जनेचा आवाज आला, “आपको बुरा नहीं लगता?” बाबा हसले. “लगता है. पर बेटी को घर में खड़ा रख के शरम से मारना, वो अच्छा है क्या?” आणि त्यांनी स्वतःच जाऊन कडी लावली.

पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं सरकत होती. नीट, शब्दाला शब्द. सिर्जनेचं काम कधीच कच्चं नसे.

काठमांडूत हे वाचलं गेलं होतं. कोलंबोत त्या पांढऱ्या केसांच्या बाईने वाचलं होतं. ढाक्यात, दिल्लीत, पुण्यात, प्रत्येक खुर्चीतल्या माणसाने आधी हे वाचलं होतं, आणि मग मी पाण्याचा घोट पिऊन मंचावर आले होते आणि त्यांना सांगितलं होतं की माझे बाबा लाजले. कुणी मला अडवलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते, माझी कीव करत. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला आमच्या समाजमंदिराच्या अंगणात, पोत्यावर बसून, शेंगांच्या टरफलांत कळलं.

आणि आता तरी ती लाज गेली होती का? गेली असं लिहिलं तर लेख छान संपेल. पण गावची माणसं भोवती बसली होती, पडद्यावर बाबांनी डोळ्यांत काजळ घातलं, आणि माझी मान माझ्याही नकळत खाली गेली. बाबांच्या बोटांना ते माझ्या मनगटातून समजलं असावं.

ढोलकी सुरू झाली. कुणीतरी मागून शिट्टी मारली. बाबा माझ्याकडे वळले नाहीत, त्यांचं लक्ष पडद्यावर होतं. जरा वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, “पाह्य माय. इथून पुढे चांगलं आहे.”